ड्युटीवर असताना डोळ्यात माशी आदळली तर काय करायचं

लेबनॉन, इराक, अफगाणिस्तान अशा कोरड्या, मेंढ्या-शेळ्यांच्या मुलखात ज्यांचं पोस्टिंग आहे त्यांनी हे नीट वाचा. तिकडे ईस्ट्रस ओव्हिस नावाची माशी असते, मधमाशीएवढी, करड्या रंगाची, ती अंडी घालत नाही तर उडता उडता मेंढीच्या नाकपुड्यांवर जिवंत अळ्यांची पिचकारी मारते आणि कधीकधी ती पिचकारी माणसाच्या डोळ्यात जाते. अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांना इराक-अफगाणिस्तानात हे झालंय, आणि आपल्या भारतीय सैन्याची बटालियन १९९८ पासून दक्षिण लेबनॉनमध्ये यूएन ड्युटीवर असते म्हणून आपल्या पोरांनाही माहीत असायलाच हवं.

ओळखायचं कसं? डोळ्यावर काहीतरी फटकन आदळतं, मग थोड्या वेळाने खुपायला लागतं, पाणी येतं, डोळा लाल होतो, आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं. डोळे आलेत म्हणून ड्रॉप्स टाकून बसू नका, हे अचानक होतं आणि बहुतेक वेळा एकाच डोळ्याला.

चोळायचं अजिबात नाही. लेन्स असेल तर काढा, बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पण धुतलं म्हणजे झालं असं समजू नका कारण अळीच्या तोंडाला बारीक काळे आकडे असतात, ती त्यांनी घट्ट धरून बसते. सरळ एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठा आणि "माशी आदळली" हे शब्द सांगाच, नाहीतर साधी धूळ गेली समजून परत पाठवतील.

तिथे डोळा बधिर करणारे ड्रॉप्स टाकून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) एकेक अळी चिमट्याने काढतात. अळी जेमतेम एक मिलिमीटरची, पांढरट, आरपार दिसणारी, आणि उजेड पडला की पापणीच्या आत पळते, त्यामुळे वरची पापणी उलटवून बघितली का हे बिनधास्त विचारा. नंतर अँटिबायोटिक मलम देतात. दुसऱ्या दिवशी परत तपासून घ्या, एखादी राहिलेली असू शकते. धुरकट दिसत असेल किंवा डोळ्यासमोर ठिपके तरंगत असतील तर थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे रेफर करायला सांगा, कारण काही दुसऱ्या जातीच्या माशांच्या अळ्या थेट डोळ्याच्या गोळ्याच्या आत शिरतात.

आणि गॉगल बाजूने बंद असलेलाच घाला, नुसता उन्हाचा चष्मा पुरत नाही. कळपाजवळ असताना तर काढूच नका.

काँगोला जाणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. तिकडच्या जंगलात दिवसा चावणाऱ्या माशीमुळे लोआ लोआ नावाचा जंत अंगात शिरतो आणि कित्येक महिन्यांनी, कधी घरी परत आल्यावर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. असं झालं तर काँगोला होतो हे डॉक्टरला आधी सांगा आणि आपल्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटतात ती डीईसीची गोळी रक्त तपासल्याशिवाय घेऊ नका, रक्तात जंतांची पिल्लं जास्त असतील तर त्याच गोळीचा मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.