पेनिसिलिन एमआरएसएच्या प्रोटीनला कसं चिकटतं, स्वतः उघडून बघा

डॉकिंगचा (औषधाचा रेणू प्रोटीनमधे कसा बसेल याचा कॉम्प्युटरवर काढलेला अंदाज) स्कोअर छान आला की खूप जण तिथेच थांबतात, पण पेनिसिलिनच्या बाबतीत तो आकडा फसवतो. पेनिसिलिन प्रोटीनच्या खाचेत नुसतं बसत नाही, तिथल्या सेरीन या अमिनो आम्लाशी पक्का कोव्हॅलंट बाँड (अणूंची थेट जोडणी) करतं आणि साधं डॉकिंग हे धरतच नाही. म्हणून आधी खरं स्ट्रक्चर बघा.

प्रोटीन घ्यायचं पीबीपी२ए; पीबीपी म्हणजे पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती, बॅक्टेरियाची सेल वॉल बांधणारी प्रोटीन. एमआरएसएमधे (मेथिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस बॅक्टेरिया) मेकए जीन असतो त्यातून हे बनतं, बाकीची पीबीपी औषधाने बंद पडली तरी हे सेल वॉलचे क्रॉसलिंक जोडत राहतं, म्हणून बॅक्टेरिया तगतो.

प्रोटीन डेटा बँकेतून दोन फाइल घ्या, १व्हीक्यूक्यू (1VQQ, रिकामं प्रोटीन) आणि १एमडब्ल्यूटी (1MWT, पेनिसिलिन जी चिकटलेलं). किमेराएक्स या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमधे दोन्ही उघडा, त्यातलं मॅचमेकर चालवून एकावर एक बसवा. दोन्हीत ए आणि बी अशा सारख्याच चेन (त्याच प्रोटीनच्या दोन प्रती) आहेत, बी लपवा, नाहीतर हमखास गोंधळ होतो.

आता पेनिसिलिनवाल्या फाइलमधे सेरीन ४०३ शोधा, त्याच्या साइड चेनचा ऑक्सिजन आणि पेनिसिलिनचा कार्बोनिल कार्बन यातलं अंतर मोजा. दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल. हायड्रोजन बाँड असता तर ३ च्या जवळपास आलं असतं, म्हणजे इथे अणू एकमेकांना जोडलेत. मग झूम करून रिंग बघा, बीटा-लॅक्टमची चार अणूंची रिंग फुटलेली आहे आणि शेजारची सल्फरवाली पाच अणूंची तशीच आहे, हे मला दर वेळी बघावंसं वाटतं.

बाँड होतोच, मग रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) कुठाय? चिकटण्याच्या वेगात. रिकाम्या प्रोटीनमधे सेरीन हल्ल्यासाठी नीट जागेवर नसतं, बाजूच्या बीटा ३ स्ट्रँडला (प्रोटीनच्या साखळीचा पट्टीसारखा भाग) पीळ पडावा लागतो तेव्हा कुठे बाँड होतो, त्यामुळे नेहमीच्या डोसला हे फार सावकाश घडतं. दोन्ही स्ट्रक्चरमधली ती स्ट्रँड वेगवेगळ्या रंगात करून बघा.

शेवटी ३झेडजी० (3ZG0) उघडा, यात पीबीपी२एसोबत सेफ्टारोलीन हे एमआरएसएवर चालणारं अँटिबायोटिक आहे. एक रेणू सेरीनला जोडलेला आणि दुसरा बाँड न करता साधारण ६० अँगस्ट्रॉम लांब, अ‍ॅलोस्टेरिक साइटवर. तो तिथे बसला की इकडची, सेरीनवाली अ‍ॅक्टिव्ह साइट उघडायला मदत होते. आता डॉकिंग करायचंच असेल तर सेरीनसाठी कोव्हॅलंट डॉकिंग लावा आणि या लांबच्या जागेसाठी वेगळा ग्रिड बॉक्स (डॉकिंगने कुठे शोधायचं ती चौकट) ठेवा, सेरीनभोवतीच्या एका बॉक्समधे ही जागा येतच नाही.