ज्वालामुखीच्या मातीतली कोरडी पांढरी वाइन: सोलापुरात ती कशी निवडावी, जपावी आणि वाढावी

ज्वालामुखीच्या खडकावर वाढलेल्या वेलींची कोरडी, म्हणजे ड्राय, पांढरी वाइन घेतली जाते ती तिच्या धारदार आंबटपणासाठी आणि घोट गिळल्यावर जिभेवर रेंगाळणाऱ्या किंचित खारट चवीसाठी. सोलापुरात या दोन्ही गुणांना ऊन आणि तिखट असे दोन वैरी आहेत. बाटली कितीही नामांकित असली, तरी या दोहोंचा बंदोबस्त आधी केला नाही तर पैसे वाया जातात.

निवड करताना प्रथम प्रदेश पाहावा. इटलीत व्हेरोनाजवळच्या सोआवे भागातील गार्गानेगा, सिसिलीतील एटना पर्वताच्या उतारावरील कारिकान्ते आणि ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरील असिर्तिको ही या प्रकारातील ठळक द्राक्षे आहेत. सांतोरिनीवर सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड उद्रेकाची राख आणि सच्छिद्र दगड अजून जमिनीत आहेत. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून तेथे वेल जमिनीलगत टोपलीसारखा गुंफतात, आणि मातीत चिकण जवळजवळ नसल्याने मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड तेथे टिकली नाही. असिर्तिको फारच तीव्र असते, त्यामुळे पहिली बाटली सोआवेची घ्यावी. मात्र सोआवेच्या सगळ्याच टेकड्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या नाहीत, काही चुनखडीच्या आहेत. मागच्या लेबलावर मातीचा उल्लेख शोधावा.

लेबलावर ‘सेको’, ‘सेक’ किंवा ‘ट्रोकन’ (तिन्हींचा अर्थ कोरडी) असेल तर साध्या वाइनमध्ये साखर सहसा लिटरला ४ ग्रॅमपर्यंत असते, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते. फसगत होते ती फेसाळ वाइनमध्ये, कारण तिच्यावरील ‘ड्राय’ म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर. तेथे त्याहून कमी साखरेची ‘ब्रूट’ मागावी.

लेबलावर ‘बायोडायनॅमिक’ हा शब्द दिसला तर त्याचाही अर्थ माहीत असावा. या शेतीचा उगम ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ मधील व्याख्यानांत आहे. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून तासभर पाण्यात घुसळायचे आणि ते पाणी मातीवर शिंपडायचे, अशी तिची पद्धत आहे. या शिंगखताचा वेगळा परिणाम होतो याला भक्कम शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही अशा शेतीला मिळणारे ‘डिमीटर’ संस्थेचे प्रमाणपत्र कामाचे आहे, कारण रासायनिक तणनाशके आणि कृत्रिम खते त्यात चालत नाहीत आणि शेतकऱ्याला वेलींकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते. तांब्याची फवारणी मात्र चालते. आपल्याकडील बागायतदारांना मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण नवे नाही.

‘मग आपली जमीनही ज्वालामुखीचीच की,’ असे सोलापूरजवळच्या नान्नजचा कोणीही द्राक्ष बागायतदार म्हणेल, आणि ते खरे आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पण त्यापासून झालेली भारी काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणूनच बागेसाठी मुरमाड, निचऱ्याची जमीन पाहिली जाते. वाइनमध्ये फरक पडतो तो निचऱ्याने आणि वेलीच्या मर्यादित वाढीने. दगड विरघळून चवीत उतरतो, हा निव्वळ विक्रीचा अलंकार आहे.

आता उन्हाचे. अशा बाटल्या बहुधा पुण्यामुंबईहून आणाव्या लागतात. ते काम हिवाळ्यात उरकावे आणि मद्य बाळगण्याचा परवाना सोबत ठेवावा. मार्च ते मे दरम्यान आणणे भागच असेल तर रात्रीचा प्रवास करावा आणि बाटली गाडीच्या डिकीत न ठेवता बर्फाच्या पेटीत ठेवावी. उन्हाने तापलेली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. त्यामुळे दुकानात बूच वर आलेले, मानेशी चिकट ओघळ असलेले किंवा त्याच सालच्या इतर बाटल्यांपेक्षा रंग गडद झालेले दिसले तर ती बाटली परत करावी. घरी माळ्यावर ती कदापि ठेवू नये, कारण स्लॅब रात्रभर तापलेलाच असतो. जुन्या वाड्याची जाड भिंतीची अंधारी खोली हिवाळ्यापुरती बरी. एरवी फ्रिजचा खालचा कप्पा गाठावा आणि दोन-तीन महिन्यांत बाटली संपवावी. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नये, ते द्राक्षातील टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात.

वाढताना वाइन १० ते १२ अंशांवर असावी. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून थंडीत बाटली वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. मे महिन्यात काढली की लगेच ओतावी, थोडीथोडी, आणि बाटली पुन्हा आत ठेवावी. घाई असल्यास बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. ओतल्यावर विझलेल्या आगकाडीसारखा वास आला तर पेला थोडा फिरवून थांबावे. तो बहुधा उडून जातो. स्टीलचा पेला टाळावा, तोंडाशी निमुळता काचेचा घ्यावा.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरकरांना थोडा संयम लागेल. मद्यामुळे मिरचीची आग वाढते, त्यामुळे शेंगाचटणी कडक भाकरीवर कोरडी न खाता दह्यात कालवून घ्यावी. काळ्या मसाल्याचा रस्सा या वाइनला गिळून टाकतो, तर शेंगापोळीसमोर ती नुसती आंबट लागते. तिची खरी जोडी जमते ती उजनीच्या मरळ किंवा चिलापीच्या कुरकुरीत तळलेल्या तुकड्यांशी, मीठ-लिंबाखेरीज काही न लावता. माशाचे तेल तिच्या आंबटपणाने कापले जाते आणि मिठाला मीठ भेटते. डिसेंबर-जानेवारीत कोवळा हुरडा मीठ लावून, बेतशीर लसणाच्या चटणीसोबत घ्यावा. माझ्या मते माशापेक्षाही हे उजवे. शाकाहारी पंगतीत तिखट कमी करून केलेले धपाटे लोण्याबरोबर चालतात.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीनेक दिवस टिकते. त्यानंतर तिचा वास बोथट होतो. तेव्हा ती पिण्यापेक्षा माशाच्या मुरवणात लिंबाऐवजी वापरावी.