‘तहकुबी’ने माझा एक प्रयत्न खाल्ला

राज्यसेवेची तयारी नुकतीच सुरू केलेल्यांसाठी लिहितेय. राज्यघटनेतली कलम 72 आणि 161, म्हणजे राष्ट्रपती आणि राज्यपालांचा दयेचा अधिकार, तुम्ही वाचलेली असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते त्यातल्या एकाच शब्दाबद्दल. तहकुबी, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतलं रिप्रीव्ह.

माझ्या वहीत त्या पानावर एकच ओळ होती: क्षमा, सौम्यीकरण, सूट, विराम, तहकुबी. पुढे बाण काढून ‘शिक्षा कमी’. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली ट्रिक होती ती. पूर्वपरीक्षेत जोड्या लावायला आल्या आणि मी तहकुबीसमोर ‘शिक्षेचे स्वरूप बदलणे’ लावून मोकळी झाले. प्रश्न चुकला, वर नकारात्मक गुण गेले. कटऑफ एका गुणाने हुकला. अजूनही ते पान उघडलं की पोटात गोळा येतो.

तहकुबी शिक्षेला हातच लावत नाही. ती फक्त तारीख पुढे ढकलते. विधानसभेचं कामकाज तहकूब झालं म्हणून विधानसभा बरखास्त झाली असं आपण म्हणतो का? तसंच इथे. दयेच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत फाशी थांबली, तरी कैदी फाशीचाच कैदी राहतो. फाशीची जन्मठेप झाली तर ते सौम्यीकरण. दहा वर्षांची सक्तमजुरी पाचावर आली पण सक्तमजुरीच राहिली, तर ती सूट. आणि रोज कानावर पडणारा ‘दंड मोकूफ’ मनात ठेवून तहकूब वाचू नका. मोकूफ म्हणजे गेला, तहकूब म्हणजे थांबला.

मला हे पटलं ते निर्भया प्रकरणाच्या तारखांवरून. 2020 मध्ये फाशीची तारीख आधी 22 जानेवारी ठरली, मग 1 फेब्रुवारी, मग 3 मार्च. तीनदा पुढे गेली आणि 20 मार्चला पहाटे तिहारमध्ये फाशी झाली. शिक्षा शेवटपर्यंत तीच. पण उत्तरात हे राष्ट्रपतींच्या तहकुबीचं उदाहरण म्हणून देऊ नका. त्या तारखा न्यायालयाने बदलल्या होत्या.

उशीर झाला म्हणून शिक्षा कमी झाल्याची उदाहरणं आहेत, तो मुद्दा वेगळा. शत्रुघ्न चौहान खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब हे फाशी सौम्य करण्याचं कारण मानलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशीही मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये याच कारणाने जन्मठेपेवर आणली. तिथे शिक्षाच बदलली, म्हणून ती तहकुबी नव्हे.

ट्रिक देणाऱ्या सरांवर माझा राग नाही, पण माझं मत ठाम आहे: जो शिक्षक कलमाची मूळ भाषा वाचून दाखवत नाही, त्याच्या नोट्सवर परीक्षेला बसू नये. घाबरूही नका. हे पाच शब्द एका संध्याकाळी सुटतात. प्रत्येकासमोर स्वतःच्या हाताने एक खटला लिहा आणि दोनच गोष्टी तपासा: शिक्षा बदलली का, तारीख बदलली का.

विरामाचं, म्हणजे खास परिस्थिती पाहून कमी शिक्षा देण्याचं, उदाहरण म्हणून गरोदर स्त्रीची फाशी देताना मात्र जपा. जुन्या पुस्तकांत उच्च न्यायालय तिची फाशी पुढे ढकलेल असं सापडतं. 2009 पासून ते राहिलेलं नाही, फाशीची जन्मठेपच करावी लागते. फौजदारी प्रक्रियेचा आताचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 456 मध्येही हेच आहे.