कूलरच्या टाकीची सवय वस्तीला कशी लावावी

नागपुरात पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, पण टाकीतले पाणी तसेच राहते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे वर्तमानपत्रे, आकाशवाणी आणि मोबाइल यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की ते ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. टाकी नियमाने उपसणारा माणूसही शोधावाच लागतो.

म्हणून वस्तीत काम करणाऱ्याने तीच माहिती पुन्हा सांगत बसू नये, तिला एक ठरलेला वार जोडून द्यावा. कचरागाडीचे गाणे ऐकून लोक डबा घेऊन बाहेर येतात, कारण गाणे वाजते त्याच क्षणी गाडी दारात उभी असते. बातमी वाचून झाल्यावर मात्र समोर काहीच नसते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळला तरी ही साखळी तुटते. रविवार सोयीचा, कारण घरी माणसे असतात.

संदेशाचे शब्दही तपासावेत. ‘पाणी साचू देऊ नका’ हे अपुरे आहे. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात, म्हणजे नुसती रिकामी केलेली टाकी पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच पुन्हा डास देऊ शकते. तेव्हा ‘टाकी उपसा, कडा ब्रशने घासा, उन्हात वाळवा’ एवढेच लिहावे.

व्हॉट्सॲपच्या गटावर रविवारी सकाळी आधी स्वतःच्या घासलेल्या टाकीचे छायाचित्र टाकावे. शेजाऱ्याच्या घाणेरड्या टाकीचे कधीही टाकू नये. अपमान झालेला माणूस टाकी घासत नाही, गट सोडतो. तापावरचे घरगुती उतारे पुढे पाठवणे तर कटाक्षाने टाळावे.

आपल्या शहराचे जुने आणि माझ्या मते सर्वांत प्रभावी प्रसारमाध्यम मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येते: मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळला जाणारा मोठा पुतळा. रोगराई घेऊन जाण्याची हाक मारबतीला घातली जाते, ती नेमकी डेंग्यूच्या हंगामात. त्या दिवशी मुलांकडून कूलरचा बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघणारा पुतळा, करून घ्यावा आणि येणाऱ्या रविवारी त्याच मुलांना, सोबत एक मोठे माणूस देऊन, घरोघर टाक्या पाहायला पाठवावे.