धूमकेतूचा फोटो: एक लांब नको, छोटे पुष्कळ घ्या

धूमकेतू अंधुक दिसतो म्हणून शटर मिनिटभर उघडं ठेवायचा मोह आवरा. पृथ्वी फिरते, त्यामुळे साध्या ट्रायपॉडवर तारे रेघा होतात. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने (फोकल लेंग्थने) भागा; फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधारण तेवढे सेकंद चालतात. ५० मिमीला १० सेकंद. लहान (APS-C) सेन्सर असेल तर आणखी दीडने भागा, म्हणजे ६-७ सेकंदच. असे तीस-चाळीस फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये घ्या आणि डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो, म्हणून फोटो धूमकेतूवर जुळवणारा त्यातला कॉमेट मोड वापरा. नाहीतर तारे टोकदार आणि धूमकेतू पुसट, असं होतं.

फोकस ऑटोवर मुळीच सोडू नका. एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मोठा करून हाताने जुळवा.

जागेचं म्हणाल तर अंधारापेक्षा क्षितिज आधी बघा. ऑक्टोबर २०२४ मधला धूमकेतू त्सुचिनशान-अ‍ॅटलस सूर्यास्तानंतर पश्चिमेला खालीच होता. तिकडे कारखान्याचे दिवे किंवा उसाचा फड आडवा आला की संपलं. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरून पश्चिम मोकळी मिळते. शेपटी सूर्याच्या उलट दिशेला, म्हणजे संध्याकाळी वरच्या बाजूला असते, तेव्हा फ्रेममध्ये वर जागा ठेवा. शेत कुणाचं असेल तर आधी विचारा. पावसाळ्यात धूमकेतू आला तर मात्र मराठवाड्यात ढगांपुढे इलाज नाही. २०२० च्या जुलैतला निओवाइज ऐन पावसाळ्यातच आला होता.