प्रोट्रेमधील रोपांचे पाणी आणि पुनर्लागवड : रोपवाटिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत कामाला लागणाऱ्या किंवा स्वतःची रोपवाटिका उभी करू पाहणाऱ्या नव्या मंडळींना वाण, औषधे आणि शेडनेट यांची माहिती बहुतेक वेळा असते. त्यांची अडचण होते ती पाण्यापाशी. 2020-21 पासून राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून शेडनेटसाठी अनुदान मिळू लागल्यावर अनेक तरुण या व्यवसायात आले, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न ‘दिवसातून किती वेळा पाणी द्यायचे’ हाच असतो. जुन्नर भागात टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर काम करताना जे पाहिले, त्यावरून सांगतो की या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. माझ्या पाहण्यात पाणी कमी पडून जितके ट्रे वाया गेले, त्याच्या कितीतरी पट ट्रे पाणी जास्त झाल्याने गेले आहेत.

याचे कारण ट्रेच्या रचनेतच आहे. टोमॅटो, मिरची आणि कोबीसाठी आपण साधारणपणे 98 कप्प्यांचा प्रोट्रे, म्हणजे रोपे वाढवण्याचा प्लास्टिकचा ट्रे, वापरतो. त्याचा कप्पा उथळ असतो आणि त्यात भरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. कप्प्याच्या तळाला छिद्र असले तरी सगळे पाणी त्यातून निघून जात नाही. तळाचा थर निथरल्यानंतरही पाण्याने भरलेलाच राहतो, आणि कप्पा जितका उथळ तितका या भरलेल्या थराचा वाटा मोठा असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वरचे कोकोपीट थोडे सुकलेले दिसले की नवा माणूस झारी उचलतो, परंतु त्या वेळी तळाशी पाणी तसेच असते, आणि मुळी मात्र त्या तळाकडेच निघालेली असते. तिथे हवा न मिळाल्याने पांढरी मुळी तपकिरी पडते, अन्न उचलणे थांबते आणि बीजदले पिवळी होऊ लागतात. टोमॅटोमध्ये आणखी एक खूण दिसते. गुदमरलेल्या मुळांतून वर गेलेल्या द्रव्यापासून पानांत इथिलीन तयार होतो आणि पानांचे देठ खाली वळतात. रोप मान टाकल्यासारखे दिसते, पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते आणि त्याला पुन्हा पाणी दिले जाते. म्हणून पाने खाली झुकलेली दिसली की आधी कोकोपीटला बोट लावून पाहावे. ते ओले असेल तर त्या ट्रेला पाण्याची नव्हे, मोकळ्या हवेची आणि उन्हाची गरज आहे.

पाण्याचे गणित ट्रे भरण्यापूर्वीच सुरू होते. कोकोपीटची वीट भिजवून, क्षार कमी होईपर्यंत धुऊन घेतल्यावर ते मुठीत घट्ट दाबून पाहावे. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर ओल योग्य आहे, धार लागली तर ते पसरून सुकवावे. ट्रे भरताना कोकोपीट अंगठ्याने दाबून बसवू नये, कारण त्यामुळे हवेची जागाच संपते. बी टाकून झाल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिक कागदाने झाकतात. टोमॅटोसाठी ही मुदत तीन-चार दिवसांची, मिरचीसाठी त्याहून जास्त, आणि या काळात वरून पाणी देण्याची गरज नसते. मात्र थप्पी रोज उघडून पाहावी लागते. कोंबाने पाठ वर काढलेली दिसताच ट्रे पसरले नाहीत, तर एका रात्रीत रोपे लांबट होतात आणि ती लांबी पुढे कशानेही कमी होत नाही.

ट्रे पसरल्यावर पाणी कधी द्यायचे हे ओळखण्याची माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ट्रे उचलून पाहणे. सकाळी पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने, निथरलेला ट्रे दोन्ही हातांनी उचलावा आणि ते वजन लक्षात ठेवावे. तोच ट्रे दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उचलावा. ट्रे स्पष्टपणे हलका लागतो, वरचे कोकोपीट गडद तपकिरीवरून फिकट तपकिरी होते, आणि तरीही रोप ताठ उभे असते, ती पाणी देण्याची वेळ. आठवडाभर हे केले की हाताला अंदाज येतो. शिकाऊ माणसाला मी फवारणीचा पंप देण्याआधी हेच काम देतो, कारण रोपवाटिकेतील अर्धे रोग या अंदाजावर टळतात. पाणी देताना ते तळातून दोन-चार थेंब गळेपर्यंत एकदाच पुरते द्यावे आणि मग थांबावे. दर तासाला वरवर शिंपडलेले पाणी पृष्ठभाग सतत ओला ठेवते, त्यावर हिरवे शेवाळ धरते आणि त्या शेवाळावर बारीक काळ्या माश्या येतात. शेवटचे पाणी दुपारी तीनच्या आत झाले पाहिजे, म्हणजे रात्री पाने कोरडी राहतात.

ऋतूप्रमाणे हा अंदाज बदलावा लागतो. पावसाळ्यात नुसते शेडनेट पाऊस अडवत नाही, त्यावर प्लास्टिक कागद हवाच; शिवाय हवेतच ओल असल्याने एखाद्या दिवशी अजिबात पाणी न देणे हेच बरोबर असते. हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास येते, तेव्हा थंड ओल्या कोकोपीटमध्ये मुळीचे काम मंदावते आणि टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी पडते. हे स्फुरद उचलले जात नसल्याचे लक्षण आहे. अशा वेळी खताची आळवणी (खताचे पाणी मुळाशी ओतणे) वाढवण्यापेक्षा पाणी कमी करून ऊन मिळू देणे जास्त उपयोगी ठरते. उन्हाळ्यात बेडच्या कडेचे ट्रे मधल्या ट्रेपेक्षा फार लवकर सुकतात. त्यांना वेगळे पाणी द्यावे, सगळ्या बेडवर पाइप फिरवू नये.

जास्त पाण्याचा सर्वांत मोठा फटका म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी ओल्या आणि कोंदट जागी वाढतात. जमिनीलगत खोडाचा गळा पाण्यात भिजल्यासारखा दिसतो, मग तो दोऱ्यासारखा बारीक होतो आणि वरचे पान हिरवेच असताना रोप आडवे पडते. ट्रेच्या एका कोपऱ्यात असे दिसले की तो ट्रे लगेच बाजूला काढावा, शेजारच्या ट्रेंचे पाणी थांबवावे, हवा खेळती करावी आणि मगच औषधाचा विचार करावा. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचा उपयोग होतो, परंतु तो सुरुवातीपासून, कोकोपीटमध्ये मिसळलेला असेल तर. जुने ट्रे निर्जंतुक न करता पुन्हा भरणे हेही या रोगाचे एक मोठे कारण आहे.

पुनर्लागवडीत होणारी मर शेतकऱ्याच्या शेतात दिसते, पण तिचे मूळ बऱ्याच वेळा रोपवाटिकेत असते. टोमॅटोचे रोप ऋतूनुसार साधारण 22 ते 28 दिवसांत, मिरचीचे 35 ते 40 दिवसांत तयार होते. शेवटच्या आठवड्यात पाणी हळूहळू कमी करावे आणि सावली काढत जावी. सतत पाण्यावर आणि सावलीत वाढलेले रोप दिसायला हिरवेगार असते, ग्राहकालाही आवडते, परंतु शेतातील पहिल्याच उन्हात ते बसते. काटक रोप थोडे बुटके आणि गडद असते. ते तसे का आहे, हे घेणाऱ्याला समजावून सांगणे हेही आपले काम आहे. बाजारभाव पडले की शेतकरी रोपे उचलायला उशीर करतात आणि मुळ्या कप्प्यात गोल फिरू लागतात. असे वयस्क रोप शेतात गेल्यावर बरेच दिवस जागचे हलत नाही. ते देण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे.

उचलण्याच्या दोन-तीन तास आधी ट्रेला पाणी द्यावे, म्हणजे मुळांची लड (मुळ्यांनी बांधलेला कोकोपीटचा गोळा) न फुटता निघते. खोड धरून ओढू नये. कप्पा खालून दाबून रोप सैल करावे. शेतात गादीवाफा आदल्या दिवशी ठिबकने भिजवून, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओली असूनही चिखल नसताना, लागवड करावी. काळ्या जमिनीत चिखल असताना बोटाने खड्डा केला तर त्याच्या कडा लिंपल्या जातात आणि मुळी बाहेर पडत नाही. टोमॅटो थोडा खोल लावला तरी खोडाला नव्या मुळ्या फुटतात. मिरची मात्र ट्रेमधील पातळीलाच लावावी आणि कलमी रोपाचा जोड मातीच्या वर ठेवावा. कोकोपीटची लड उघडी राहिली तर वारा तिच्यातील ओल ओढून घेतो, त्यामुळे तिच्यावर मातीचा पातळ थर हवा. उन्हाळ्यात मल्चिंग पेपरच्या छिद्राला खोड टेकू देऊ नये, तापलेल्या कागदाने आणि त्याखालच्या गरम हवेने ते भाजते. लागवड उन्हे कलल्यावर करावी.

पहिला आठवडा मुळी त्या लडीतच असते. भोवतालची माती ओली असूनही लड कोरडी पडू शकते, म्हणून ड्रिपर रोपाजवळ येईल अशी लॅटरल (ठिबकची नळी) ठेवून थोडे थोडे पाणी द्यावे. नवी पांढरी मुळी मातीत शिरलेली दिसली की पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढवावे. नांगे (रोप मेल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा) भरण्यासाठी काही रोपे बाजूला ठेवलेली असतात, त्यांनाही या दिवसांत सावलीत भरपूर पाणी न देता शेताच्या कडेला, इतर रोपांसारख्याच उन्हावाऱ्यात ठेवावे आणि आठ दिवसांच्या आत लावून टाकावे. त्यानंतर लावलेले रोप शेजारच्या रोपांच्या सावलीत मागेच राहते.