गॅरेजमधला मोठा फिश टँक: खानदेशच्या उन्हात या चुका टाळा

सहा फुटी टँक हॉलमध्ये मावत नाही, म्हणून तो गॅरेजमध्ये जातो. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत गाडी अंगणात आणि शटरच्या आत मासे, असं आता बऱ्याच घरी दिसतं. जागा मोकळी, नळ जवळ, पाणी सांडलं तरी घरात कुणी रागावत नाही. पण ती खोली गाडीसाठी बांधलेली असते. तिची फरशी, तिचं छप्पर, तिथली हवा, यातलं काहीच जिवंत प्राण्याचा विचार करून केलेलं नसतं. मासे मरायला लागले की आपण फिल्टर बदलतो, औषध बदलतो, दुकानही बदलतो, आणि खोलीकडे बघायचं राहून जातं. म्हणून आधी गॅरेज राहण्याजोगं करा, टँक त्यानंतर आणा.

फरशीचा ढाळ न मोजणं

6 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टँक काठोकाठ भरला तर 680 लिटर पाणी बसतं. 12 मिलीमीटर काचेचं वजनच सव्वाशे किलोच्या आसपास होतं. वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून एकूण वजन नऊशे किलोच्या घरात जातं. ‘इथे गाडी उभी राहते, मग टँकचं काय?’ असं सगळेच म्हणतात. गाडी थोडी तिरकी उभी राहिली तर काही बिघडत नाही. काचेचं तसं नाही. तिरक्या टँकमध्ये एका बाजूच्या जोडावर कायम जास्त ताण राहतो आणि कधीतरी सिलिकॉन सुटतं.

गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गवंडी गॅरेजला ढाळ देतोच. फुटाला पाव इंच धरला तरी 6 फुटांत तो दीड इंच होतो. टँकची लांबी ढाळाला आडवी ठेवा, म्हणजे 2 फुटांच्या रुंदीत अर्ध्या इंचाचाच फरक भरून काढावा लागेल. तो स्टँडच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या देऊन काढायचा. काचेखाली पुठ्ठे किंवा लाकडाचे तुकडे सरकवून कधीही नाही. प्रत्येक पायाखाली रुंद प्लेट हवी, नाहीतर वजन चार बिंदूंवर येऊन फरशी फुटते. स्टँडवर जाड प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल किंवा फोमची शीट अंथरा.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गॅरेजची फरशी बहुतेकदा भरावावर असते. टँक ठेवायच्या जागी फरशी ठोकून बघा. पोकळ वाजली तर ती उखडून खाली कोबा करून घ्या. पहिला पावसाळा गेला की लेव्हल पुन्हा तपासा. पाण्याची रेघ काचेवर दोन्ही टोकांना सारखी दिसते का, एवढं पाहिलं तरी कळतं.

मे महिना विसरून टँक लावणं

खानदेशात सगळ्यात जास्त मासे या एका चुकीने जातात.

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून, शटर बंद असलेल्या गॅरेजात दुपारी किती तापत असेल ते आत उभं राहूनच बघावं. आपण विकत आणतो त्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या माशांना 24 ते 28 अंश मानवतं, 30-32 पर्यंत ते निभावून नेतात. गोल्डफिशला तर त्याहून थंड पाणी लागतं. उकाड्यापेक्षाही प्राणवायूची टंचाई त्यांना मारते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशांना तो सातच्या आसपास येतो, आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराला जास्त प्राणवायू लागतो.

अशा वेळी लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात. टँकमध्ये वाळू-दगड धरून खरं पाणी सुमारे 600 लिटर असतं. ते बर्फाने एकच अंश उतरवायचं तर साडेपाच किलो बर्फ लागतो, आणि तास-दोन तासांत पाणी पुन्हा तापतं. घराचा फ्रीज याला पुरत नाही. शिवाय तापमान असं खाली-वर होत राहिलं की मासे आजारी पडतात.

त्यापेक्षा पाणी उडू द्या. तेच 600 लिटर एक अंशाने उतरवायला सुमारे 1 लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे हे काम करतात. आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून ही युक्ती कोकणापेक्षा इथे कितीतरी चांगली चालते. घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे खानदेशातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मात्र दोन गोष्टी सांभाळा. टँकवरचं काचेचं झाकण काढून त्या जागी जाळी बसवा, कारण झाकणाखाली वाफ अडकते. आणि गॅरेजच्या भिंतीत वरच्या अंगाला एक्झॉस्ट फॅन लावा. बंद खोलीत दमट हवा साचली की पंखे नुसते फिरत राहतात.

उडालेलं पाणी भरून काढताना आणखी एक चूक होते. वाफ होताना क्षार मागे राहतात. रोज बोअरचं पाणी ओतून पातळी भरली तर दोन महिन्यांत टँकचं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

छपराचं काम टँक येण्याआधीच करून घ्या. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना, आतून थर्माकोलचं छत, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत भर दुपारी जो गारवा असायचा तो वरच्या मातीच्या जाड थरामुळे. पत्र्याखाली असा काही थर दिल्याशिवाय पंखेही पुरे पडत नाहीत.

आणि दुपारी पाणी बदलू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देतं. पाणी बदलायचं ते पहाटे, आणि ओतण्यापूर्वी थर्मामीटरने दोन्हींचं तापमान जुळवून.

हिवाळाही लक्षात ठेवा. जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो आणि गॅरेज घरापेक्षा लवकर गार पडतं. 600 लिटरला 300 वॅटचे दोन हीटर ठेवा. एक बंद पडला तरी दुसरा धकवून नेतो. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढायचाच, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

फवारणीचं सामान त्याच खोलीत ठेवणं

कपाशी किंवा केळी करणाऱ्या घरात गॅरेज म्हणजे फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, अर्धवट वापरलेली पाकिटं, खताच्या गोण्या यांची जागा असते. टँकचा एअर पंप त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसापेक्षा माशांना अनेक पटींनी घातक असतात. अगदी अल्प प्रमाणात पाण्यात उतरली तरी मासे तडफडून मरतात. डासांच्या कॉइल, लिक्विड आणि स्प्रेमध्येही याच गटातली द्रव्यं असतात. संध्याकाळी गॅरेजमध्ये स्प्रे मारला आणि सकाळी सगळे मासे उलटे झाले, तर टँकची मशिनरी उघडत बसू नका, मासे मेले ते स्प्रेमुळे.

औषधं दुसरीकडे हलवा. हे जमणार नसेल तर त्या गॅरेजमध्ये टँक लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टँकच्या बादल्या आणि पाइप वेगळे ठेवा, त्यांच्यावर रंगाची खूण करा. फवारणीचं पाणी ज्या बादलीत एकदा कालवलं ती कितीही धुतली तरी टँकसाठी वापरू नये. फवारून आलेल्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नये. मोटारसायकल आत चालू करणं, रंग, थिनर, पेट्रोल यांनाही हाच नियम. शक्य असेल तर एअर पंपाची हवा ओढणारी बाजू नळीने खोलीबाहेर काढा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येत नाही.

पाण्याशी भांडण

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं पाणी हौदात साठतं, आणि पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की ब्लीचिंगचा वास नाकाला जाणवण्याइतका येतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. एका ड्रममध्ये पाणी काढून एअर स्टोनने (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) 24 तास हलतं ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन पाकिटावरच्या मापाने टाका. हौदात घरच्यांनी नुकतंच ब्लीचिंग टाकलं नाही ना, हे विचारून घ्या.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण आपल्या काळ्या दगडातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. ते मऊ करण्यासाठी लोक आम्ल टाकतात, बाटलीतली द्रव्यं टाकतात. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) दोन दिवस खाली येतो, मग पुन्हा वर जातो, आणि मासे त्या चढउताराने खचतात. मोठ्या टँकमध्ये दर आठवड्याला दीडशे लिटर पाणी बदलावं लागतं, तेवढं पाणी दर वेळी घडवणं अवघड. त्यापेक्षा आपल्या पाण्यात सुखाने राहतील असे मासे घ्या. मॉली, गप्पी, प्लॅटी, आफ्रिकेतल्या तलावांतले सिक्लिड यांना जड पाणी आवडतं. मऊ पाणी लागणारे डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रा पाळायचेच असतील तर आरओचा खर्च आधी मान्य करा.

बदलून काढलेलं पाणी गटारात सोडू नका. त्यात नायट्रेट असतं. शेवगा, कर्दळ, परसातली केळ त्यावर जोमाने येतात, आणि टंचाईच्या दिवसांत दीडशे लिटर पाणी म्हणजे थोडं नव्हे.

पाणी भरलं की मासे सोडणं

दुकानदार सांगतो, ‘भाऊ, उद्या टाका मासे, काही होत नाही.’ होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आपल्याकडे तर आणखी सावध राहावं लागतं, कारण पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दसपट होतो आणि तापमान वाढलं की आणखी वाढतो. जड पाण्याचा पीएच बहुधा जास्तच असतो, म्हणजे आपलं पाणी आणि ऊन दोन्ही हे विष वाढवतात.

पाणी भरून, पण मासे न सोडता टँक चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका, टेस्ट किटने मोजत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की थोडे मासे सोडा, पंधरवड्याने आणखी थोडे. कुणाच्या निरोगी, जुन्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा. ऊन उतरलेलं असतं, थंडी अजून आलेली नसते आणि उन्हाळ्यापर्यंत टँकला सहा महिने मिळतात. एप्रिलमध्ये नवा टँक लावू नका, कितीही हौस असली तरी.

वीज जाईल हे गृहीत न धरणं

उन्हाळ्यात वीज जाते ती नेमकी दुपारी. सगळा टँक इन्व्हर्टरवर घ्यायची गरज नाही, एक एअर पंप आणि त्यावरचे दोन स्पंज फिल्टर तेवढे घ्या. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) कित्येक तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूविना मरून सडतात, आणि वीज आल्यावर ती घाण थेट टँकमध्ये येते. अशा वेळी तो उघडून टँकमधून बादलीत काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या, मग सुरू करा. गॅरेजच्या बोर्डाला अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आपण पाण्यात हात घालतो, तिथे पैसे वाचवू नयेत. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

लक्षणं आणि कारणं

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर प्राणवायू कमी आहे. एअर वाढवा, खाद्य बंद करा, मग अमोनिया तपासा. नव्या टँकमध्ये पाणी दुधाळ झालं तर तो जिवाणूंचा बहर असतो, काही दिवसांत आपोआप निवळतो, सगळं पाणी उपसू नका. पाणी हिरवं होतंय म्हणजे कुठूनतरी ऊन येतंय, बहुतेकदा अर्ध्या उघड्या शटरमधून. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके थंडीत दिसले तर तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी 30 पर्यंत चढवा, एअर वाढवा आणि औषधाचा कोर्स पूर्ण करा, ठिपके गेले म्हणून मध्येच थांबवू नका.

टँक मोठा म्हणून कुठलाही मासा

दुकानात बोटाएवढा ‘शार्क’ मिळतो. तो खरं तर पंगास जातीचा मासा, मीटरभर वाढतो. रेड टेल कॅटफिशही तेवढाच होतो. 2 फूट रुंद टँकमध्ये त्याला वळताही येत नाही. काच साफ करायला आणलेला सकर फूटभराच्या पुढे जातो. मग कुणीतरी तो पिशवीत घालून गिरणेत किंवा तापीत सोडून येतं. सकर आपल्या नद्यांचा मासा नाही. तो दक्षिण अमेरिकेतला, कमी प्राणवायूतही तगतो, काठात बिळं करतो आणि काटेरी कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाडतो. भारतातल्या अनेक जलाशयांत तो पसरला आहे, महाराष्ट्रातल्या उजनीतही. मासा विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा की मोठा झाल्यावर परत घेणार का. ‘नाही’ म्हणाला तर तो मासा तिथेच राहू द्या.